मोरीखालची जमीन

इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून फोन आला तेव्हा मी आधी हसलेच. म्हटलं, "अहो, मी काय लिहिणार? मी आयुष्यभर लोकांच्या पायाखाली काम केलं." संपादकबाई म्हणाल्या, "म्हणूनच लिहा. डॉक्टरांच्या आठवणी दर वर्षी येतात, त्या वाचून आमचंच ब्लडप्रेशर वाढायला लागलंय." आता असं बोलावणं आल्यावर नाही कशी म्हणणार? घ्या मग.

मी जमिनी दुरुस्त करते. म्हणजे करत होते. गुडघ्यांनी राजीनामा दिला, मग मलाही द्यावा लागला. जमिनी म्हटलं की आपल्या माणसांना वाटतं, बाईचं गावाकडे शेतीबितीचं काही प्रकरण आहे. तसं नव्हे. घरातली जमीन, जिच्यावर तुम्ही सोफा ठेवता आणि पाहुणे गेल्यावर त्यांच्याबद्दल बोलता, ती. इंग्लंडातली, आमच्या लीड्समधली जुनी विटांची घरं बघा. खालच्या मजल्याची जमीन वाटते तशी मातीवर टेकलेली नसते. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड लाकडी कड्या टाकलेल्या असतात, त्यांना इथे जॉइस्ट म्हणतात. जॉइस्टवर फळ्या, फळ्यांवर कार्पेट, कार्पेटवर तुम्ही. फळ्यांच्या खाली गुडघाभर पोकळी आणि मग माती. त्या पोकळीत वारा खेळावा म्हणून बाहेरच्या भिंतीत तळाशी भोकांच्या विटा बसवतात. वारा फिरला की लाकूड कोरडं राहतं, आणि कोरडं लाकूड शंभर वर्षं कुरकुर करत नाही. पाणी लागलं की मात्र संपलं. भिंतीत रुतलेलं टोक आधी कुजतं, मग कडी खाली बसते, मग कपाट भिंतीपासून सुटतं. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात असं आपल्याकडे म्हणतात ना, माझा अनुभव उलटा आहे. आधी वासे फिरतात, घराला बिचाऱ्याला पत्ताच नसतो.

या धंद्यात मी आले ती शिवणाचा वर्ग भरला म्हणून. आमचे हे हॉस्पिटलच्या लॅबमध्ये, आणि मी घरात खिडकीशी. कॉलेजच्या संध्याकाळच्या वर्गांत शिवणाला जागा नव्हती, सुतारकामाला होती. शिकवायला डेव्ह नावाचा यॉर्कशरचा दांडगा माणूस होता. वर्षभराने तो मला वरपासून खालपर्यंत निरखून म्हणाला, "यू'ल फिट, लव्ह." इकडचं 'लव्ह' म्हणजे आपलं 'बाई गं'. मला वाटलं, माझ्या हातातलं कसब बघून म्हणतोय. कसलं काय! जमिनीखालच्या पोकळीत मावेल असं माणूस त्याला हवं होतं, आणि मी तेव्हा हडकुळी होते. पुढे तो वर, मी खाली, अशी आमची जोडी जमली ती कायमची. सासूबाई पुण्यात सगळ्यांना सांगायच्या, सूनबाई इंटिरियरमध्ये आहे. खोटं नव्हतं ते. मी कधी कधी इतकी इंटिरियरमध्ये असायचे की डेव्हला पाय धरून बाहेर ओढावं लागायचं.

गिऱ्हाईकं तरी एकेक काय असायची! मँचेस्टरला एक आयटीवालं मराठी जोडपं होतं. त्यांच्या फ्रंट रूममधली जमीन एका कोपऱ्यात बशीसारखी खोल गेलेली. मी विचारलं, इथे काय ठेवता? बायको म्हणाली, "काही नाही गं काकू, वर्षाचं धान्य." आईने शिकवलेलं, की धान्य वर्षाचं एकदम भरावं. त्याप्रमाणे तांदळाची पोती, गव्हाची पोती, डाळी, आणि वर घरघंटी, सगळं एकाच कोपऱ्यात रचलेलं. दुकान घरापासून हाकेच्या अंतरावर! मी म्हटलं, "बाई गं, तुझ्या आईच्या घराखाली दगड होता, तुझ्या घराखाली हवा आहे." तिने पोती चार खोल्यांत वाटली आणि मला निघताना दोन किलो आंबेमोहोर दिला.

आणखी एक निवृत्त मास्तर होते, इंग्रज, एकटेच राहायचे. मी खाली काम करायला लागले की ते वर फळ्यांवर पालथे झोपायचे आणि फटीतून माझ्याशी गप्पा मारायचे. खालून मी "हं, हं" करायचे. चहाच्या वेळी ते फटीतून बिस्किट सरकवायचे. काम दोन दिवसांत संपलं तर तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन, की दुसऱ्या खोलीतली जमीन जरा बघता का. ती ठणठणीत होती. डेव्ह म्हणाला, जाऊन चहा पिऊन ये, आणि मी गेले.

हे सांगून लोकांना हसवायला मला आवडतं. पण लिहायलाच बसले आहे तर कुमुदताईंबद्दल लिहायला हवं. ते काम मी फार चांगलं केलं होतं, आणि तेच आठवून मला अजून वाईट वाटतं.

कुमुदताईंचे यजमान भूल देणारे डॉक्टर. हे दोघं लीड्सला आले तेव्हा इथे मराठी माणूस शोधून सापडत नव्हता म्हणे. मागून जे आले, डॉक्टर, नर्सा, शिकायला आलेली पोरं, त्या सगळ्यांनी इथला पहिला वरणभात कुमुदताईंच्या हातचा खाल्लेला. मीही त्यातलीच. डॉक्टर गेल्यावर त्या त्याच घरात एकट्या राहिल्या. ऐंशीच्या घरात वय, पण पाठ ताठ आणि जीभ त्याहून ताठ. मुलगा नितीन मिल्टन कीन्सला, कॉम्प्युटरमधली मोठी नोकरी, बायको इंग्लिश, स्वभावाने दोघंही चांगली. इथेच जन्मलेला, त्यामुळे त्याचं मराठी आपलं जेमतेम.

एक दिवस त्याचाच फोन आला. "शैला आंटी, आईचा पाय floor मधून खाली गेला. मागच्या रूममध्ये. लागला नाही जास्त, but I'm really scared. तुम्ही बघणार का?"

मी आणि डेव्ह दुसऱ्याच दिवशी गेलो. मागच्या खोलीत, जिथे पाय गेला तिथे, कुमुदताईंनी पोळपाट उलटा टाकून भोक झाकलं होतं. मला म्हणाल्या, "उगाच बोलावलं गं तुला त्याने. एक फळी तर मोडलीय."

एक फळी! त्या भोकाच्या शेजारीच मोरी होती.

हो, मोरी. लीड्समधल्या घरात, लाकडी जमिनीवर, आपली खरी मोरी. हातभर उंच नळ, चहूबाजूंनी विटांचा बुटका कठडा, आणि मध्ये शहाबादी फरशी. ती फरशी कुमुदताईंनी जहाजाने आलेल्या सामानात, गाद्यांच्या मध्ये घालून आणली होती. इथल्या सिंकची त्यांना पहिल्या दिवसापासून किळस. "त्याच पाण्यात साबण, त्याच पाण्यात खरकटं आणि त्याच पाण्यात कप बुचकळायचे? शी! वाहत्या पाण्याशिवाय भांडं निघतं का कधी?" म्हणून डॉक्टरांनी कुणा ओळखीच्या प्लंबरला धरून मोरी बांधून घेतली. त्या बिचाऱ्याने आयुष्यात मोरी पाहिली नव्हती. त्याने फळ्यांवर सरळ सिमेंट ओतलं, वर फरशी बसवली आणि पाण्याचा पाइप भिंतीतून मागच्या अंगणात काढून दिला. खाली प्लास्टिकचा एक कागददेखील नाही. त्या मोरीत कुमुदताई पाटावर बसून भांडी घासायच्या, नितीनला लहानपणी तिथेच आंघोळ, आणि बाहेरून येईल त्याने आधी तिथे पाय धुवायचे. मीसुद्धा नवी नवी असताना तिथे पाय धुतले होते आणि गार पाण्याने बोटं बधिर झाली तरी मला रडू आलं होतं, घरी आल्यासारखं वाटून.

डेव्हने बाजूच्या दोन फळ्या काढल्या आणि मी खाली उतरले. खाली गेलं की आधी वास घ्यायचा असतो. कोरड्या जमिनीला धुळीचा वास येतो, कुजक्याला अळिंबीचा. इथे अळिंबीचा दरवळ सुटला होता. मी पोटावर सरकत मोरीखाली गेले आणि जॉइस्टला स्क्रूड्रायव्हर लावला. चांगल्या लाकडात तो रुतत नाही. इथे मुठीपर्यंत आत गेला, पिकल्या केळ्यात जावा तसा. शेजारच्या जॉइस्टची तीच गत, त्याच्या शेजारच्याची थोडी बरी. तेवढ्यात वर कुमुदताईंनी तांब्याभर पाणी ओतलं. जरा वेळाने ते माझ्या मानेवर आलं.

बाहेर येऊन मी तोंड पुसलं आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले. नितीन स्पीकरवर होता. मी सगळं सांगितलं. तो मग म्हणाला, "आई, हे घर safe नाहीये. तू इकडे ये. आम्ही कधीपासून सांगतो."

"मी कुठेही येणार नाही," कुमुदताई म्हणाल्या.

"मग काय, एक दिवस पूर्ण खाली जाणार?"

आई आणि मुलगा दोघंही माझ्याकडे वळले. म्हणजे तो फोनमधून. "आंटी, तुम्ही सांगा. हे repair होऊ शकतं? Properly?"

"होतं की," मी म्हटलं. "पहिल्यापेक्षा चांगलं होतं."

"Okay. तुम्ही properly करणार तर आई राहणार. नाही तर आई इकडे येणार. Deal?"

कुमुदताईंनी टेबलावर हात आपटला. "डील!" त्या हसल्यादेखील. मग मी मोरीचं काढलं. म्हटलं, मोरी उखडल्याशिवाय खालच्या कड्यांना हात घालता येणार नाही. पण नंतर तिथे इंग्रजी न्हाणीघरात घालतात तसा पाणी अडवणारा ट्रे टाकून, खाली रबराचा थर देऊन, पुन्हा मोरी बांधता येईल. पाण्याचा थेंब खाली जाणार नाही. माझं बोलणं पुरं व्हायच्या आत नितीन म्हणाला, "No, no. No more water in that room, please." काम त्याने दिलेलं, आणि डॉक्टर गेल्यावर घरही सोयीसाठी त्याच्याच नावावर केलेलं. मी पुन्हा एकदा बोलून पाहिलं. तो नाहीच म्हणाला.

फोन ठेवल्यावर कुमुदताईंचा चेहरा बघवेना. "मोरी नाही काढायची. बाकी काय ते कर."

"ताई, बाकी काय करू? रोग मोरीतच आहे."

"इतकी वर्षं नाही झालं काही."

"झालं की. तुमच्या पायाखाली झालं, तुम्हाला दिसलं नाही."

"तू फार शहाणी झालीस गं जमिनीखाली जाऊन जाऊन."

मी त्यांचा हात हातात घेतला आणि म्हटलं, "ताई, मोरी द्या. घर राहील तुमचं. मी सांगते ना!"

हे वाक्य माझं. घर माझं नव्हतं, मुलगा माझा नव्हता, पण शब्द मी देऊन बसले. त्या वेळी मला तो खराच वाटत होता.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, "ये, आणि त्या तुझ्या डेव्हलाही घेऊन ये. येताना सॉक्स स्वच्छ घालायला सांग." आम्ही हत्यारं घेऊन गेलो तर मोरी घासूनपुसून लख्ख, कठड्याला हळदकुंकू, आणि शेजारी घडी घातलेला टॉवेल. "शेवटचे पाय धुवा," म्हणाल्या. मी धुतले. डेव्हला म्हणाल्या, "यू आल्सो." तो बापडा बूट काढून, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून कठड्यावर बसला. केवढाले पांढरेफटक पाय, एका घोट्यावर फुटबॉल क्लबचा गोंदवलेला शिक्का. कुमुदताईंनी स्वतः तांब्याने त्याच्या पायावर पाणी घातलं. डेव्हने टॉवेलने पाय नीट पुसले आणि टॉवेलची पुन्हा घडी घातली. बाहेर व्हॅनमधून जॅक आणताना मला एवढंच म्हणाला, "आय डोन्ट लाइक धिस वन, लव्ह."

काम मात्र आम्ही असं केलं की आजही कुणी फळी उचलून बघावं. शहाबादी फरशी डेव्हने अख्खी काढली, कोपरासुद्धा तुटू दिला नाही, आणि मागच्या अंगणात भिंतीला टेकवून ठेवली. खाली बसलेली जमीन वर उचलायची म्हणजे घाई चालत नाही. जॅक खाली लावायचा, थोडासाच फिरवायचा आणि त्या दिवसापुरतं थांबायचं. एकदम उचललं तर भिंतींना तडे जातात, दारं अडकतात. लाकडाला इतकी वर्षं वाकायची सवय झालेली असते, सरळ व्हायलाही त्याला वेळ द्यावा लागतो. जमीन सपाटीत आली तशी आम्ही कुजलेली टोकं कापून काढली, प्रत्येक जुन्या जॉइस्टच्या अंगाला नवा जॉइस्ट बोल्टने आवळून बांधला, भिंतीत जाणाऱ्या टोकांना ओल लागू नये म्हणून वेष्टण दिलं. मध्ये विटांची बुटकी आधाराची भिंत घातली, बुजलेल्या हवेच्या विटा मोकळ्या केल्या. सगळं झाल्यावर मी खालून हातोडीने प्रत्येक कडीवर ठोकून पाहिलं. टण, टण, टण. लाकडाचा तो आवाज ऐकला की मला जेवल्यासारखं वाटतं.

कुमुदताई खोलीत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालल्या. "हलत नाही गं अजिबात!" म्हणाल्या. मग मोरीच्या जागी, नव्या फळ्यांवर, थोडा वेळ नुसत्या उभ्या राहिल्या. आम्हाला त्यांनी साजूक तुपाचा शिरा खाऊ घातला आणि भांडी सिंकमध्ये ठेवली. नितीनने फोनवर मला तीनदा थँक यू म्हटलं. मी खूश. म्हटलं, चला, ताईंचं घर वाचलं.

माघाची थंडी होती. त्या बाजूच्या एका कामावरून परत येताना म्हटलं, डोकावून जाऊ. बेल वाजवली, कुणी उघडेना. मागच्या गल्लीत जाऊन अंगणाचं दार ढकललं तर समोर कुमुदताई. डॉक्टरांचा जुना जाड कोट, लोकरीची टोपी, साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, आणि अंगणात आडव्या टाकलेल्या त्या शहाबादी फरशीपुढे पाटावर बसून त्या कुकर घासत होत्या. शेजारी केटल, बादली, तांब्या. गवतावर बर्फासारखं दव गोठलेलं आणि फरशीवरून वाफा निघत होत्या.

"अहो ताई, काय हे! मरायचंय का थंडीने?"

"तू म्हणालीस मोरी दे, दिली. भांडी कुठे घासू ते नव्हतं ठरलं."

मी त्यांना रागावले, मग मलाच हसू आलं, त्याही हसल्या. शेवटी मी बाह्या सरसावल्या आणि कढई घासून दिली. तेव्हा मला ते गमतीचं वाटलं होतं.

शेजारणीला गमतीचं वाटलं नाही. इंग्रज बाई, मनाने चांगली, वर्षानुवर्षांची शेजारीण. तिला वरच्या खिडकीतून रोज दिसायचं, की म्हातारी गोठत्या थंडीत उकिडवी बसून फरशीवर पाणी ओततेय. तिने काळजीपोटीच नितीनला फोन केला, की तुझ्या आईचं डोकं ठिकाणावर नसावं. शनिवारी नितीन आला, त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्याच्या मनाने घेतलं की झालं, आता आईला एकटं ठेवायचं नाही.

त्याने मला फोन केला तेव्हा आवाज अगदी पडलेला होता. "आंटी, मी तेव्हा खरं बोललो होतो. I meant it. पण आई बाहेर बसतो, फ्रॉस्टमध्ये, भांडी घासतो. उद्या पडला तर? मला तीन तास लागतात यायला."

"अरे, तिला मोरी बांधून दे. तिचं डोकं तुझ्यामाझ्यापेक्षा शाबूत आहे."

"आंटी, please. माझा पण आई आहे."

त्याने घर विकायलाही काढलं होतं. घेणारेही मिळालेले होते. त्यांनी घर तपासायला पाठवलेला सर्व्हेअर येणार होता, आणि जमिनीचं काम कुणी केलं, कसं केलं हे तो विचारेल म्हणून नितीनने मला यायला सांगितलं. जाऊ नये असं वाटत होतं, पण कुमुदताई तिथे एकट्या असतील म्हणून गेले.

आता इथे एक सांगायला हवं. जुनं घर विकताना जमीन बसलेली असली तर कुणी हात लावत नाही. सर्व्हेअर नाही म्हणतो, बँक नाही म्हणते, घेणारा पळून जातो. म्हणजे त्या कुजक्या कड्या होत्या तोवर ते घर नितीनला विकताच आलं नसतं. हे मला व्हॅन चालवताना रस्त्यात सुचलं, आणि मी पुढच्या सिग्नलला हिरवा दिवा लागला तरी तशीच थांबून राहिले. मागचा हॉर्न वाजवायला लागला तेव्हा भानावर आले.

सर्व्हेअर तरुण होता, हसरा. मागच्या खोलीत मधोमध उभा राहिला, चवड्यांवर उंच झाला आणि टाचांवर धप्पकन उतरला. जमीन तपासायची ती साधी रीत आहे. खोलीत काही थरथरलं नाही. "लव्हली," तो म्हणाला, "नो बाउन्स ॲट ऑल."

कुमुदताई दाराशी उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. "नो नो, इट मूव्ह्ज. लुक." आणि पदर खोचून त्यांनी उडी मारली. ऐंशीची बाई. दोन्ही पाय उचलून, जेवढं अंग उचलता येईल तेवढं उचलून. जमीन हूं की चूं करेना. त्यांनी पुन्हा उडी मारली, मोरी होती बरोबर त्या जागेवर. "सी? मूव्हिंग!" नितीन पुढे झाला, "आई, please, थांब, पडशील." त्यांनी त्याचा हात झटकला आणि तिसरी उडी मारली. सर्व्हेअरला वाटलं, आजीबाई गंमत करतायत. तोही हसून म्हणाला, "इफ ओन्ली माय फ्लोअर वॉज ॲज गुड."

कुमुदताईंना धाप लागली होती. त्या माझ्याकडे वळल्या आणि मराठीत म्हणाल्या, "शैला, तू सांग ना गं त्याला. थोडी हलते म्हण. तुझं ऐकेल तो."

सर्व्हेअरला ते कळलं नाही, पण नितीनला कळलं. तो खालच्या फळ्यांकडे बघत राहिला.

सर्व्हेअरने मला विचारलं, हे काम तुमचं ना, कसं वाटतं तुम्हाला? मला काय म्हणायचं होतं ते देवाला ठाऊक. तोंडातून निघालं ते इतकंच, की भिंती पडतील पण ही जमीन पडणार नाही. खरं होतं ते. लाकडाबद्दल मी कधी खोटं बोलले नव्हते, आणि बोलले असते तरी त्याने एक फळी उचलून पाहिली असती की झालं. हे मी स्वतःला अजून सांगत असते. कुमुदताईंनी पदर सोडला, नीट केला आणि सगळ्यांसाठी चहा ठेवायला आत गेल्या.

मुलाशी त्या भांडल्या नाहीत. मला एकदा म्हणाल्या होत्या, "त्याच्या बापाशी आयुष्यभर भांडले, पण त्याच्याशी भांडायचं मला जमत नाही. त्याचा चेहरा लगेच लहान होतो." इस्टरच्या सुट्टीत घर गेलं. फरशी अंगणातच राहिली, नव्या लोकांनी तिच्यावर कुंड्या ठेवल्याचं डेव्हने पाहिलं.

उन्हाळ्यात मी त्यांना भेटायला मिल्टन कीन्सला गेले. घर मोठं, उजेडाचं. त्यांची खोली खालीच, शेजारी आंघोळीची सोय, पकडायला दांड्या, सगळं नितीनने आणि त्याच्या बायकोने मनापासून केलेलं. खालची जमीन सिमेंटची. मी सवयीने टाच आपटून पाहिली. बाहेर जायचं तर गाडी हवी, पण रस्त्यापासून वेगळे तांबडे फूटपाथ आहेत, त्यावर त्या थोडं चालतात म्हणे. कुणी ओळखीचं भेटत नाही, सगळे सायकलवर. भांडी मशीनमध्ये लागतात. "बरं आहे गं," म्हणाल्या, "करायला काही उरलंच नाही."

तिथल्या दोन मराठी बायका त्यांच्याकडे आल्या होत्या. कुमुदताईंनी माझी ओळख करून दिली, अगदी कौतुकाने. "ही शैला. आपल्यातली पहिली सुतारीण. माझं लीड्सचं घर हिने दुरुस्त केलं, बरं का." त्या बायका "अय्या, हो?" म्हणाल्या. मी चहाच्या कपात बघत बसले.

निघताना त्या मला सोडायला गाडीपर्यंत आल्या. इकडचं तिकडचं बोललो, डेव्हची चौकशी केली, गुडघ्यांना तेल लाव म्हणाल्या. मी गाडीत बसले, पट्टा लावला. त्यांनी खिडकीच्या कडेवर हात ठेवला. आवाजात राग नव्हता, आमटीत मीठ जास्त का घातलंस असं विचारावं तसं त्यांनी विचारलं, "शैला, एवढं चांगलं कशाला केलंस गं?"

मी "येते ताई" म्हटलं. गाडी सुरू केली.